पॉट ढकलण्याआधीचे तीन सेकंद

प्रति,
कॅसिनोंमधल्या पोकर रूमचे व्यवस्थापक आणि फ्लोअर सुपरवायझर यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली बारा वर्षं मी पोकरच्या टेबलावर डीलर म्हणून काम करते आहे. हे पत्र लिहायला एक डाव कारण झाला. तो आधी सांगते, मग माझं मागणं काय ते.

नो-लिमिट होल्डेमचं कॅश टेबल होतं, नऊच्या नऊ खुर्च्या भरलेल्या. या खेळात प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांची सामायिक पाच, त्याला बोर्ड म्हणतात; या सातांतून पाच पानांचा सर्वांत मोठा हात ज्याचा, पॉट, म्हणजे लावलेल्या चिप्सचा ढीग, त्याचा. माझी त्या टेबलावरची अर्ध्या तासाची पाळी संपत आली होती. फ्लॉपवर, म्हणजे बोर्डाच्या पहिल्या तीन पानांत, किलवरचा राजा, बदामाची नव्वी, इस्पिकची नव्वी. टर्नला, म्हणजे चौथं पान, चौकटचा राजा; रिव्हरला, म्हणजे पाचवं, बदामाची राणी. दुसऱ्या खुर्चीतल्या गृहस्थांनी बेट लावली, सहाव्या खुर्चीतल्या मुलाने कॉल केला, म्हणजे तेवढीच रक्कम घातली. गृहस्थांनी दोन सत्त्या उघडल्या आणि म्हणाले, "जोडी." मुलाने एक्का आणि गुलाम उघडले आणि हरलेला माणूस सरकवतो तसे ते हळूच पुढे सरकवले. मला एका बाजूला जोडी दिसली, दुसऱ्या बाजूला नुसता एक्का. मी एक्का-गुलाम उचलून मकमध्ये, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात, घातले, पॉट दुसऱ्या खुर्चीकडे ढकलला, शफलरचं, म्हणजे पत्ते पिसणाऱ्या मशीनचं, हिरवं बटण दाबलं आणि पिसलेली दुसरी गड्डी हातात घेऊन वाटायला लागले.

चौथं पान वाटताना माझा हात थांबला. आधीचा बोर्ड डोळ्यांसमोरून गेलाच नव्हता. दोन राजे, दोन नव्व्या. दोन मोठ्या जोड्या बोर्डावरच असताना सत्त्यांची जोडी खेळतच नाही. त्या गृहस्थांचा हात म्हणजे अख्खा बोर्ड, पाचवं पान राणी. मुलाच्याही त्याच दोन जोड्या, पण त्याचं पाचवं पान एक्का. पॉट त्याचा होता आणि तो लहान नव्हता, दीडशे बिग ब्लाइंडच्या (डावाच्या सुरुवातीला लावावी लागणारी मोठी सक्तीची रक्कम) आसपास होता.

मी वाटणं थांबवून स्वतः फ्लोअरला, म्हणजे फ्लोअर सुपरवायझरला, हाक मारली आणि काय झालं ते सांगितलं. फ्लोअर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नवा डाव सुरू झालाय, निकाल कायम." नियमाप्रमाणे ते बरोबर होते, त्यांना मी दोष देत नाही. मुलाने माझ्याकडे बघून विचारलं, "म्हणजे मी जिंकलो होतो?" मी हो म्हटलं. त्याने समोरच्या उरलेल्या चिप्स रॅकमध्ये भरल्या आणि तो उठला. तो चिडला असता, भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

दोन दिवसांनी मला लेखी ताकीद मिळाली, हात चुकीचा वाचल्याबद्दल. ती मला मान्य आहे, चूक माझीच होती. पण त्याच दिवशी एक जुना सहकारी मायेने म्हणाला, "अगं, तू तोंड उघडलं नसतंस तर कुणाला कळलंही नसतं." आणि ते खरं होतं. टेबलावरच्या नऊ जणांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी बोलले म्हणून मला ताकीद मिळाली, आणि बोलूनही त्या मुलाला त्याचा पॉट मिळाला नाही. म्हणजे माझ्या बोलण्यातून कुणाचंच काही भलं झालं नाही. हे मला तेव्हापासून छळतं आहे, आणि या व्यवस्थेबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

पोकरचा पाया एका वाक्यात सांगता येतो: पत्ते स्वतः बोलतात. खेळाडू तोंडाने काय म्हणाला, डीलरने काय ऐकलं, कोण आत्मविश्वासाने बसलं होतं, कशालाच किंमत नाही. पत्ते उताणे टेबलावर आले की जो हात सर्वांत मोठा, पॉट त्याचा. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन (टीडीए) ही पोकर स्पर्धांचे नियम ठरवणारी संस्था २००१ साली स्थापन झाली. तिच्या नियमांत हेच तत्त्व आहे, आणि शिवाय असंही आहे की नीट उघडलेला आणि उघडपणे जिंकणारा हात डीलरला मारता, म्हणजे बाद करता, येत नाही. बॉब सियाफोन यांची 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ पोकर' ही नियमावली कितीतरी रूममध्ये आधार म्हणून वापरतात. तिच्यात तर व्यवस्थापनाला स्पष्ट अधिकार दिला आहे की नियमाचा काटेकोर अर्थ वेगळा निघत असला तरी न्यायाला धरून निर्णय द्यावा.

तत्त्व इतकं सरळ असताना गोष्ट अडते ती मुदतीवर. हात वाचण्याबद्दलची तक्रार पुढचा डाव सुरू होईपर्यंतच करता येते. आणि पुढचा डाव सुरू कधी होतो? गड्डीच्या पहिल्या पिसणीला. मशीन असेल तर हिरवं बटण दाबल्यावर.

पत्ते हातानेच पिसले जात तेव्हा ही मुदत रास्त होती. डीलर पॉट ढकलायचा, टेबलावरचे पत्ते गोळा करायचा, गड्डी नीट जुळवायचा आणि मग पिसायला घ्यायचा. तेवढ्या वेळात खेळाडूंच्या डोक्यात बोर्ड पुन्हा एकदा फिरायचा. कुणीतरी म्हणायचं, "थांबा, थांबा, तो एक्का खेळतो ना?" आता टेबलात मशीन बसलं. गड्ड्या दोन असतात, वेगळ्या रंगांच्या पाठीच्या. एकीवर खेळ चालतो तोवर दुसरी आत पिसून तयार. पॉट ढकलणं आणि बटण दाबणं यांत आता श्वास घेण्याइतकंही अंतर राहिलेलं नाही. नियमाचे शब्द जवळपास तेच राहिले, पण खेळाडूच्या हातातली मुदत दोन-तीन सेकंदांवर आली. आणि ती कधी संपते हे ठरवतं कोण? बटणावर बोट ठेवलेला डीलर. म्हणजे ज्याच्याकडून चूक झाली, त्याच्याच बोटाने तक्रारीचं दार बंद होतं. त्या रात्री ते बोट माझं होतं.

टीडीएच्या नियमांत एक भेद केलेला आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पॉटची रक्कम मोजण्यात किंवा वाटण्यात हिशेबाची चूक झाली, तर पुढच्या डावात पुरेशी ॲक्शन, म्हणजे खेळाडूंच्या खेळी, होईपर्यंत ती सांगता येते. हात वाचण्यातली चूक मात्र पुढचा डाव सुरू झाला की संपली. या भेदामागचं कारण मला समजतं. बेटिंग आठवून पॉटची रक्कम पुन्हा उभी करता येते, पण पत्ते एकदा मकमध्ये मिसळले की पुरावा गेला. पण आज पुरावा खरंच जातो का? डोक्यावर कॅमेरा आहे. उघडलेले पत्ते आठ-नऊ जणांनी पाहिलेले आहेत. आणि दोन गड्ड्यांच्या पद्धतीत तर जुनी गड्डी अजून तिथेच, माझ्या हाताशी असते. ती लगेच मशीनमध्ये टाकायची घाई आपण आपल्या सवयीने करतो. नव्या डावात पहिल्या दोघा खेळाडूंनी आपापली ॲक्शन करेपर्यंत जुनी गड्डी तशीच बाजूला ठेवली, तर काही बिघडत नाही.

म्हणून माझं पहिलं मागणं हे: हात चुकीचा वाचला गेल्याची तक्रारही नव्या डावात दोन खेळाडूंची ॲक्शन होईपर्यंत ऐकून घ्या, आणि तोवर जुनी गड्डी मशीनमध्ये जाऊ देऊ नका. शंका राहिली तर वादातली रक्कम बाजूला काढून ठेवा आणि कॅमेरा बघा. निर्णय होईपर्यंत पॉट किंवा त्याचा भाग रूमने अडकवून ठेवावा आणि खेळ पुढे चालू द्यावा, ही तरतूद रॉबर्ट्स रूल्समध्ये आहेच. चुकीच्या माणसाकडे गेलेल्या चिप्स त्याच्या चिप्समध्ये मिसळल्या असतील तर बेटिंगची उजळणी करून रक्कम ठरवावी, हेही तिथे आहे. फक्त तक्रार वेळेत आली असली पाहिजे. म्हणजे घोडं अडतं ते त्या मुदतीपाशीच.

आता तीन सेकंदांबद्दल. डीलर शिकताना प्रत्येकाला शोडाउनची, म्हणजे शेवटी पत्ते उघडतात तेव्हाची, एक रीत शिकवतात. जिंकणाऱ्या हातात बोर्डावरची जी पानं खेळतात ती किंचित पुढे सरकवायची. हात मोठ्याने बोलायचा: "दोन जोड्या, राजे आणि नव्व्या, एक्का किकर." किकर म्हणजे जोड्यांबाहेरचं, बरोबरी सोडवणारं पान. मग हरलेला हात मारायचा. जिंकलेला हात उताणाच राहू द्यायचा. पॉट ढकलायचा. आणि जिंकलेला हात सर्वांत शेवटी उचलायचा. त्या रात्री मी ही रीत पाळली असती, तर "राजे, नव्व्या" म्हणताना पाचवं पान शोधावंच लागलं असतं आणि एक्का समोर आला असता. तोंडाने बोललं की डोळ्याला नीट बघावं लागतं. गप्प राहून वाचलं की डोळा ओळखीचा आकार शोधतो, आणि जोडी हा सर्वांत ओळखीचा आकार आहे.

ही रीत सुटते कारण आमचा वेग मोजला जातो. तासाला किती डाव निघाले हे तुम्ही बघता, आणि जिथे डीलरचं उत्पन्न टिपवर चालतं तिथे डीलर स्वतःही बघतो. मी हिशेब करून पाहिला. तासाला ३० डाव धरा आणि प्रत्येकात हात बोलून दाखवायला ३ सेकंद जास्तीचे धरा, तर झाले ९० सेकंद. आणि प्रत्येक डाव काही शोडाउनपर्यंत जात नाही, कितीतरी डाव फ्लॉपआधीच किंवा एका बेटवर संपतात. म्हणजे खरा खर्च तासाला मिनिटभरसुद्धा नाही. एकदा फ्लोअरला बोलावावं लागलं की त्याहून जास्त वेळ जातो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

ओमाहा या पोकरच्या दुसऱ्या प्रकाराबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण तिथे चुका जास्त होतात आणि सापडतात कमी. होल्डेममध्ये खेळाडूची दोन आणि बोर्डाची पाच अशी सात पानं, त्यांतून पाचांचे २१ हात बनतात, आणि कोणतीही पाच पानं चालतात. ओमाहामध्ये हातात चार पानं असतात, पण त्यांतली दोनच आणि बोर्डाची तीनच पानं घ्यायची, कमीही नाहीत आणि जास्तही नाहीत. चार पानांतून दोनच्या ६ जोड्या, पाचांतून तीनचे १० गट, म्हणजे एका खेळाडूचे ६० हात. पाच पानांचा ओमाहा असेल तर १००. टेबलावर तिघे पत्ते उघडून बसले असतील तर डीलरने काही क्षणांत काय काय बघायचं याचा विचार करा. बोर्डावर चार बदामं आहेत, खेळाडूच्या हातात एकटा बदामाचा एक्का आहे. होल्डेममध्ये हा फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं), ओमाहामध्ये नाही. होल्डेमची सवय लागलेला डोळा तिथे हमखास फसतो. मी नवे डीलर असे फसताना पाहिले आहेत आणि टेबलावरचे जुने खेळाडूही तितक्याच खात्रीने मान डोलावताना पाहिले आहेत.

हाय-लो असेल तर त्याच पॉटचे दोन भाग: एक सर्वांत मोठ्या हाताला (हाय), एक सर्वांत लहान हाताला (लो). लोसाठी आठ किंवा त्याखालची पाच वेगवेगळी पानं लागतात, आणि लो बरोबरीत सुटला तर त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. समजा पॉटमध्ये १००३ चिप्स आहेत आणि सर्वांत लहान चिप एकची आहे. सुटी चिप हायकडे जाते, म्हणून हायला ५०२, लोला ५०१. लोचे दोघे बरोबरीत, तर एकाला २५१ आणि दुसऱ्याला २५०, आणि ती जास्तीची एक चिप बटणाच्या (वाटणाऱ्याची जागा दाखवणारी चकती) डावीकडून जो आधी येईल त्याला. एका चिपसाठी एवढा नियम कशाला, असं बाहेरच्याला वाटेल. पण पॉट कसा वाटायचा हे डीलरच्या मनावर सोडायचं नाही, म्हणून तो नियम आहे. अशा टेबलावर नवख्या डीलरला बसवताना निदान पहिले काही आठवडे शेजारी जुना माणूस उभा ठेवा. साइड पॉटचंही (एखाद्याच्या चिप्स संपल्यावर उरलेल्यांत वेगळा होणारा पॉट) तेच: आधी बाहेरचा साइड पॉट, मग आतला, शेवटी मुख्य, आणि प्रत्येक वेळी त्या पॉटमध्ये कोण आहे हे मोठ्याने बोलून. सर्वांत कमी चिप्सवर ऑल-इन गेलेला, म्हणजे होत्या तेवढ्या सगळ्या लावलेला, माणूस सर्वांत मोठा हात दाखवतो आणि घाईत सगळाच ढीग त्याच्याकडे जातो, ही चूक प्रत्येक रूमला माहीत आहे.

खेळाडूंनी बोलावं की नाही याबद्दलही टेबलावर मोठा गैरसमज आहे. "एका हातावर एकच खेळाडू" हा नियम सगळ्यांना पाठ असतो. त्यामुळे डावात नसलेल्या माणसाला चूक दिसली तरी तो मूग गिळून बसतो. पण तो नियम बेटिंग चालू असतानाचा आहे, म्हणजे कुणी कुणाला खेळ शिकवू नये यासाठी. पत्ते उताणे पडले की तो प्रश्नच उरत नाही. टीडीएचा नियम उलट सांगतो: हात वाचण्यात किंवा पॉट देण्यात चूक होते आहे असं वाटलं तर कोणत्याही खेळाडूने, तो डावात असो वा नसो, बोलावं. ही एक ओळ प्रत्येक टेबलाजवळ लावा. आम्हा डीलरांनाही सांगा की खेळाडू बोलला तर त्याला डोळे वटारू नयेत. कुणी बोललं की आपला अपमान झाला असं मानणारे डीलर आहेत. सुरुवातीची काही वर्षं मीही तशीच होते.

आणि उघडलेले पत्ते सोडून देणाऱ्या खेळाडूचं काय? त्याने स्वतःचा हात सांभाळला पाहिजे, हे मला मान्य आहे. निकाल लागेपर्यंत पत्त्यांवर हात ठेवा, चिप ठेवा, हे मी रोज सांगते. पण त्या मुलाने पत्ते उताणेच ठेवले होते. नियमाने त्याच्याकडून जी अपेक्षा होती ती त्याने पूर्ण केली. मकमध्ये ते घातले मी. खेळाडूने चुकीच्या माहितीवरून पत्ते टाकले असतील, तर ते परत जिवंत धरण्यासाठी जास्तीचा प्रयत्न करावा, असं रॉबर्ट्स रूल्स सांगतात. डीलरने स्वतःच उताणे पत्ते उचलले असतील तर तो प्रयत्न दुप्पट व्हायला नको का?

आता ताकिदीबद्दल, कारण बाकी सगळं यावर अवलंबून आहे. चूक कुणाचीही असो, रेक, म्हणजे पॉटमधला रूमचा वाटा, आधीच खाली पेटीत पडलेली असते. चुकलेला पॉट एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे जातो, रूमच्या खिशातून काही जात नाही. कर्मचाऱ्याने सद्हेतूने दिलेला निर्णय चुकला तरी रूमवर जबाबदारी नाही, असंही नियमावली म्हणते. त्यामुळे चूक सापडली नाही तर त्रास कुणालाच नाही, ज्याचा पॉट गेला तो सोडून. आणि त्याला तर कळलेलंच नसतं. सापडली तर डीलरच्या नावावर कागद. मग डीलर काय शिकतो? गप्प बसायला. वाईट माणसं गप्प बसतात असं नाही. घरभाडं भरायचं असलेली, मुलांची फी द्यायची असलेली चांगली माणसं गप्प बसतात. माझा तो सहकारी माझ्याहून प्रामाणिक माणूस आहे.

विमान क्षेत्राने हा प्रश्न फार आधी ओळखला. अमेरिकेत १९७६ पासून नासा एक यंत्रणा चालवते. वैमानिक किंवा हवाई वाहतूक नियंत्रक तिथे स्वतःची चूक स्वतःहून कळवू शकतो. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि वेळेत कळवली असेल, तर दंडापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. तिथे माणसांचे जीव आहेत, इथे चिप्स आहेत, तुलना त्यापुढे मी नेत नाही. पण माणूस भीतीने कसा गप्प होतो, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

म्हणून दुसरं मागणं: डीलरने स्वतः पुढे येऊन सांगितलेल्या चुकीवर ताकीद देऊ नका. तिची वेगळी वही ठेवा. कोणता खेळ होता, पाळीतला कितवा तास, कितवं टेबल, होल्डेम की ओमाहा, पॉट किती जणांत होता, चूक किकरची की साइड पॉटची. सहा महिन्यांनी ती वही उघडली तर कुठल्या डीलरला कसलं शिक्षण हवं आहे आणि कुणाची पाळी फार लांबते आहे, ते तुम्हाला दिसेल. लपवलेली चूक कॅमेऱ्यावर सापडली तर मात्र खुशाल कडक कारवाई करा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

आणि एक गोष्ट, जी मागायला मला धीर करावा लागतो आहे. कॅमेऱ्यावर डीलरची चूक स्पष्ट दिसत असेल, पण पैसे परत घेण्याची वेळ निघून गेली असेल, तर जिंकलेल्या खेळाडूला रूमने आपल्याकडून भरपाई द्यावी. अशा वेळा रोज येणार नाहीत. नियम तुम्हाला बांधत नाही, हे मला माहीत आहे. पण तुमच्या टेबलावर, तुमच्या डीलरच्या हातून, तुमच्या मशीनच्या वेगामुळे त्याचा पॉट गेलेला असतो.

तुमच्यापैकी एखाद्या रूमने हे महिनाभर एकाच टेबलावर करून बघावं: हात मोठ्याने बोलायचा, जुनी गड्डी दोन ॲक्शनपर्यंत बाहेर ठेवायची, आणि स्वतःहून सांगितलेली चूक वहीत जाईल, माणसाच्या फाइलमध्ये नाही. तासाला किती डाव निघाले तेही मोजा, मला त्याची भीती वाटत नाही. ते टेबल मला द्या. ओमाहाचं असलं तरी चालेल.

आपली,
बारा वर्षं पॉट ढकलणारी एक डीलर